केवळरामची ट्रायल

गोंदियात तिरोडा रोडवर केवळरामचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याखाली एक टेबल आणि त्यावर डिझेल गाड्यांचे इंजेक्शन पंप तपासायचं यंत्र. यंत्राला काचेच्या सहा नळ्या. सगळ्या नळ्यांत तेल एका रेषेला आलं, तरच केवळराम "झालं" म्हणायचा. केसाएवढा फरक असला तर ट्रॅक्टरवाला कितीही ओरडो, पंप पुन्हा खोलला जायचा. सगळ्यांना सारखं मिळण्याची सोय असलेली या शहरातली ही बहुधा एकच जागा होती, आणि तीही तेलासाठी.

त्याचा दुसरा नियम ट्रायलचा. ज्यानं दुरुस्त केलं, त्यानंच गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढायची. ट्रक असो की साहेबाची जीप, ट्रायल मिस्त्रीची.

२००८ च्या हिवाळ्यात ईश्वरदास सेठनं त्याला राइस मिलवर बोलावलं. मागच्या गोदामात, कोंड्याच्या पोत्यांआड, बावीस वर्षांपासून एक जर्मन मोटार उभी होती. दोन दारांची, बुटकी, रुपेरी, शर्यतीच्या जातीची. सेठच्या वडिलांनी ती छत्तीसगडकडच्या कुठल्याशा मालगुजाराकडून घेतली, तीनदा चालवली, आणि मग ती घराण्याची प्रतिष्ठा झाली, म्हणजे बंद पडली. दर दसऱ्याला तिची पूजा होई. हार, हळदकुंकू, नारळ, आणि नैवेद्य म्हणून टाकीत एक लिटर पेट्रोल. बावीस दसऱ्यांचं पेट्रोल आटून गुळाच्या पाकासारखं झालं होतं. चाकांत हवा नव्हती. बॉनेटवरचं स्वस्तिक मात्र ताजं होतं.

"पोराची, टिंकूची शादी आहे फेब्रुवारीत," सेठ म्हणाले. "बारात याच गाडीतून निघेल. कार्डावर छापून टाकलं."

"गाडी चालू व्हायच्या आधीच?"

"तू आहे ना. इंजेक्शनचा एक्स्पर्ट."

"मी डिझेलवाला आहो, सेठ. हे पेट्रोल होय."

"इंजेक्शन तो इंजेक्शन. दंडाला दे, नाही तर कमरेला दे."

केवळरामनं बॉनेट उघडून आत पाहिलं. मग त्यानं एकच अट घातली. "ट्रायल मी घेईन."

"ले लेना भाई," सेठ इतक्या पटकन म्हणाले, की तेव्हाच शंका यायला हवी होती.

टाकी धुण्यात आठवडा गेला. मग इंजिनात पेट्रोल फवारणारे सहा नोझल काढून त्यानं आपल्या यंत्रावर लावले. सहा नळ्यांत सहा पातळ्या. दर चार-पाच वर्षांनी कुणी मिस्त्री आणला जाई आणि तो एखादा नोझल बदलून जाई. त्यामुळे दोन मूळचे राहिले होते, तीन दुसऱ्याच मॉडेलचे होते आणि एक चक्क ट्रॅक्टरचा. तो पेट्रोलच्या एवढ्या कमी दाबाला उघडतच नव्हता. एकेकटा पाहिला तर कुणातच खोट नाही. एकत्र बसवले की इंजिन फक्त खोकायचं, एखाद्या चौकशी समितीसारखं.

"आवाज येऊन राहिला ना?" सेठ म्हणाले. "मग झालं."

"आवाज तं दमेकऱ्यालेही येते, सेठ."

जुने नोझल कुठं गेले, कुणालाच माहीत नव्हतं. एकदा केवळराम मिलच्या ऑफिसात पाणी प्यायला गेला. मुनीम शालीकरामच्या टेबलावर धानाच्या चिठ्ठ्या होत्या, आणि त्या उडू नयेत म्हणून ठेवलेले ते चार.

"हे कायचे जी?"

"पेपरवेट होय. हरेक मिस्त्री एक देऊन जाते."

"मी नेतो."

"सेठले विचारा लागते. ऑफिसचं सामान आहे."

केवळरामनं अंगणातून चार गोटे आणून चिठ्ठ्यांवर ठेवले. ऑफिसचं काम पूर्ववत चालू राहिलं.

सहा नळ्या एका रेषेला आल्या. इंजिन लागलं तेव्हा गोदामातल्या चिमण्या उडाल्या. केवळराम चावीसाठी हात पुढे करून उभा राहिला.

आधी सेठ म्हणाले, आज अमावस्या आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पेट्रोल कायले जाळतं. तिसऱ्या दिवशी अगदी गोड आवाजात म्हणाले, "पहिली सवारी घरच्या माणसाची. तू समजदार आहे, केवळराम."

केवळरामला समजलं. असं समजून घ्यायची सवय त्याच्या घराला कित्येक पिढ्यांची होती. ती छप्पन्न साली त्याच्या बापानं दीक्षा घेऊन मोडली होती.

"ट्रायल नाही तं मी झालं म्हणत नाही," तो म्हणाला. "आन गाडी हळू चालवू नका. प्लग काळे पडतीन."

पण वरात बँडच्या चालीनं चालते. चार वाजता निघालेली मोटार पाऊण तासात दोन गल्ल्या पुढं गेली. ड्रायव्हर घामाघूम, शेजारी सेहरा बांधलेला टिंकू, पुढं नाचणारे मामे. चौकात मोटारीनं दोन उचक्या दिल्या आणि ती थांबली. मामे तिला ढकलू लागले. बँडवाल्यांना वेग सोयीचा वाटला. सेठला नाही.

केवळरामला दुकानातून आणलं. त्यानं भर चौकात प्लग काढून पुसले. इंजिन लागलं.

"आता हिले मोकळी धावू द्या लागते. वीसेक किलोमीटर. नाई तं मंडपाच्या दारात बसते."

"ड्रायव्हर नेईल," सेठ म्हणाले.

ड्रायव्हर केव्हाच उतरला होता. "माफ करा सेठ. पाय ठेवला का उडते ते."

सेठनं घड्याळ पाहिलं, पाहुणे पाहिले. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "जा. जल्दी ये. टिंकू, उतर."

सेहऱ्याआडून उत्तर आलं, "नाही उतरत."

दवनीवाड्याच्या रस्त्यावर मोटारीनं पहिल्यांदा श्वास सोडला. सेहऱ्यातली फुलं मागं धानाच्या बांध्यांत उडत गेली. टिंकू लहान पोरासारखा ओरडत होता. केवळराम तोंड मिटून, मान किंचित वाकडी करून इंजिन ऐकत होता. वाटेवरच्या आपल्या गावात शिरून त्यानं मोटार स्वतःच्याच दारात थांबवली.

त्याची बायको रुक्माबाई हात पुसत बाहेर आली. "काऊन जी, लोकाचा नवरदेव पळवून आणला का?"

"ट्रायल होय. बस."

"कुठी बसू? दोनच तं शिटा आहेत."

टिंकू खाली उतरला. "बसा काकी. मी थांबतो इथं."

मोटार रुक्माबाईला घेऊन निघाली, आणि अंगणातल्या खाटेवर नवरदेव बसला. पाहायला शेजारपाजार जमला. कुणी पाणी दिलं, कुणी नाव विचारलं. खिशातला मोबाइल वाजत होता. तिसऱ्यांदा वाजल्यावर त्यानं उचलला.

"नाही बाबूजी," तो म्हणाला, "अजून झाली नाही. ट्रायल चालू आहे."