मशीन आवाज करतंय

आमच्या घरात कपडे धुवायचं मशीन नाही. कपडे मी धुते, आणि आवाजही मीच करते. तरी सासूबाई रोज दुपारी मशीनच्या कंपनीला फोन लावून सांगायच्या की मशीन आवाज करतंय.

कारण तिथे वन्सं होत्या, माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, सगळी उमेदीची वर्षं त्या कॉल सेंटरात लोकांच्या तक्रारी ऐकण्यात गेली. तिथे स्वतःचा मोबाइल दारातच कपाटात ठेवायचा, घरचा फोन घ्यायचा नाही. मग आईने लेकीला गाठायचं कसं? म्हातारी हुशार. फोन कुणीही उचलो, आजींचा आवाज ऐकला की मुली हसत तो वन्संना जोडून द्यायच्या.

"मॅडम, गोळी घेतली का?" वन्सं अगदी नोकरीच्या आवाजात विचारायच्या.

"घेतली. पण मशीन जरा कुरकुरतंय," सासूबाई म्हणायच्या. म्हणजे गुडघा दुखतोय. मी जवळच भाजी निवडत बसलेली असायचे. आईला मॅडम म्हणणारी लेक मी दुसरी पाहिली नाही.

मग बातमी आली, सेंटर परदेशात हलणार. वन्संना सांगितलं, तिकडे येऊन नव्या मुलींना शिकवा, नाहीतर घरी बसा. या वयात दुसरीकडे कोण घेणार? वन्सं रात्री ताटावर नुसत्या बसून राहायच्या. सासूबाई तोंडाने जा म्हणायच्या आणि मला सांगायच्या की हिला तिकडे कोण वाढणार. मला तर नुसतं रडू यायचं, आणि रडू आलं की मी भांडी आपटते.

आडवा आला तो नवा कायदा. सेंटर हलवायचं तर सरकारला आधी कळवा, घेतलेल्या सवलती परत करा. चौकशीला एक साहेब आले. इथल्या गिऱ्हाइकांना फरक पडतो का, हे त्यांना स्वतः ऐकायचं होतं. दुसरा हेडफोन लावून ते बसले नेमके वन्संच्या शेजारी. दुपार झाली. नव्याने लागलेल्या मुलीने इतरांचं बघून फोन जोडून दिला.

वन्संनी घाईने नुसतं 'नमस्कार मॅडम' म्हटलं. गोळीचं विचारायचं धाडस होईना. तिकडून सासूबाईंनी मशीनचं रडगाणं सुरू केलं. साहेबांनीच मध्ये विचारलं, "आजी, तुमच्याशी बोलणारी बाई इथे बसली काय नि परदेशात बसली काय, तुम्हाला काय फरक पडतो?"

"बसू दे कुठेही," सासूबाई म्हणाल्या. "संध्याकाळी जेवायला घरी आली म्हणजे झालं."

साहेब वन्संकडे बघत राहिले. मग त्यांनी हेडफोन काढून ठेवला. मशीन कुठलं, कधी घेतलं, काही विचारलं नाही. वन्संनी हे घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि दोन दिवस फोनला हात लावला नाही.

सेंटर राहिलं. आजींमुळे नव्हे हो, सरकार एवढं हळवं नसतं. कंपनी अडून बसली आणि सरकारने तिला आणखी सवलती दिल्या. जागा फुकट, वीज अर्ध्या दरात. मग तिजोरीत खडखडाट झाला आणि आमच्या भागाची संध्याकाळची बस बंद पडली. घरपट्टीही वाढली. नवरा आठवडाभर ओरडत होता की कंपनीचं भाडं आपण भरतोय. खोटं नव्हतं ते. बसवाचून शेजारच्या नर्सबाईंना रोज पायपीट करावी लागते, त्यांच्यासाठी कुठला साहेब आला? पण वन्सं ताटावर बसून पोटभर जेवताना दिसल्या की माझा राग कुठे जातो कोण जाणे.

आता वन्संना आणायला स्कूटर घेऊन मीच जाते. बस काढून घेतली आणि सून कामाला लावली, अशी ही सरकारी योजना. वाटेत नर्सबाई दिसल्या तर त्यांनाही बसवते. तिघी दाटीवाटीने येतो.

मी हेल्मेट घालून दाराबाहेर पडते तोवर आत सासूबाईंनी फोन लावलेला असतो. मुली तो जोडून देतात.

"मॅडम," आता सासूबाईच म्हणतात, "तुमची गाडी निघालीय. मशीन ठीक आहे."