कासवमामांचा स्पीकर

कासवमामा हे नाव त्यांना व्हॅनमधल्या माणसांनीच दिलं होतं आणि मामांना त्याचा राग नव्हता. काटा चाळीसच्या वर न नेणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? सव्वीस वर्षं मालाचे ट्रक आणि गेली सात वर्षं डायलिसिस सेंटरची व्हॅन, एवढ्या काळात त्यांच्या गाडीला साधा ओरखडा आला नव्हता. त्यांचा दंडक एकच. गाडी चालू असताना दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि फोन समोरच्या कप्प्यात. फोन वाजला तर जागा बघून गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि मग आपण उलट फोन करायचा. जावई असो की मालक, सगळ्यांना तोच न्याय. बायको म्हणायची, "तुम्हाला गाठण्यापेक्षा पत्र टाकलेलं लवकर पोचेल."

व्हॅनमध्ये पाच माणसं असत. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी त्यांना घरून उचलायचं, चार तास मशीनवर त्यांचं रक्त साफ होईपर्यंत थांबायचं, दुपारी घरी सोडायचं. यात खाडा चालत नाही. एक वेळ चुकली की पाय सुजतात, दोन चुकल्या की श्वास पुरत नाही. सात वर्षांत मामांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणून दारात उभं राहून थांबण्याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही.

सगळ्यात जास्त थांबावं लागे ते शिवणबाईंसाठी. वय बहात्तर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलींच्या शाळेत चाळीस वर्षं शिवण शिकवलेल्या बाई, घरात दुसरं कुणी नाही. त्यांच्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून शीर तयार केलेली होती, त्यामुळे तो हात कुणी धरायचा नाही की त्यावर ओझं द्यायचं नाही. मामा वर जात, त्यांची पिशवी घेत आणि उजव्या बाजूने आपला हात देत. दर वळणावर बाई थांबत, दम खात आणि जिन्याच्या रंगाला नावं ठेवत. घंटी वाजवल्यापासून व्हॅनमध्ये बसेपर्यंत अकरा मिनिटं लागत. तोवर खाली व्हॅनमध्ये पाचांतलेच एक, निवृत्त पोस्टमनकाका पेपर वाचत बसत आणि बाकीचे तिघं डुलक्या काढत.

हे असं सुरळीत चाललेलं कुणाला बघवतं का? सेंटरमध्ये नवा साहेब आला. त्याचं काम म्हणजे थंडगार खोलीत पडद्यासमोर बसणं. पडद्यावर चार व्हॅन चार ठिपक्यांसारख्या सरकत आणि हा खुर्चीतून त्यांना हाकत असे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. एका शुक्रवारी त्याने ड्रायव्हरांच्या खोलीत कागद लावला. गाडी चालवत असताना साहेबाचा फोन तीन रिंगच्या आत घेतलाच पाहिजे. त्यासाठी प्रत्येकाने मंगळवारच्या आत स्वतः पसंत करून हात न लावता बोलायचं साधन घ्यावं. कुणाच्याही दारात तीन मिनिटांच्या वर थांबू नये. आणि या सगळ्याच्या डोक्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं: सुरक्षितता प्रथम.

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तडक साहेबाकडे गेले.

"साहेब, गाडी चालवताना बोलू नका असं आम्ही जन्मभर ऐकलं. आता बोललंच पाहिजे म्हणता?"

"मामा, हात मोकळे राहिले की झालं."

"आणि डोकं? ते कुठं मोकळं राहतं?"

साहेब पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "काही म्हणणं असेल तर लेखी द्या." मामांचं अक्षर ट्रकच्या पावत्यांपलीकडे गेलेलं नव्हतं, आणि ते साहेबाला ठाऊक होतं.

सोमवारी संध्याकाळी मामा मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदारीण चटपटीत होती. तिने काचेवर एकेक वस्तू मांडायला सुरुवात केली. पहिलं निघालं शेंगदाण्याएवढं बोंड, एका कानात खोचायचं. आता मामांची पंचाईत अशी, की ट्रकच्या इंजिनाशेजारी बसून बसून त्यांचा डावा कान केव्हाच कामातून गेला होता. परवान्याच्या डॉक्टरला ते ठाऊक होतं. त्याने दोनदा तपासलं, आरसे मोठे लावा म्हणाला आणि पास केलं. शिल्लक राहिलेल्या एका कानात मामांना मागून येणारी गाडी ऐकू यायला हवी होती आणि मागच्या सीटवरून कुणी बारीक आवाजात "मामा, गरगरतंय" म्हणालं तर तेही.

"चांगल्या कानात बूच मारलं तर मी गाडी चालवू कशी? आणि दुसऱ्या कानात घातलं तर साहेब भिंतीशी बोलल्यासारखा," मामा म्हणाले.

"मग हे गळ्यात घालायचं घ्या. याला दोन आहेत."

"एक बूच नको म्हटलं तर दोन देतेस?"

तिने हसून चुंबकाचा स्टँड काढला. त्याने फोन नाकासमोर उभा राहायचा आणि पडदा सारखा उजळायचा. मामांनी तो हातानेच मागे सारला. रस्ता बघायचा की नाटक? शेवटी तिने साबणाच्या वडीएवढा एक स्पीकर पुढे ठेवला. समोरच्या काचेवर ऊन अडवायला असते त्या झडपेला चिमट्याने अडकवायचा, फोन खिशात असला तरी चालतो, एक रिंग झाली की आपोआप उचलतो. "काका, याला हात लावायची वेळच येत नाही," ती म्हणाली.

मामांना हे पटलं. डोळे रस्त्यावर, कान मोकळे, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आपला दंडक शक्य तेवढा सांभाळला गेला असं त्यांना वाटलं. एवढा सावध माणूस, पण तो स्पीकर आपल्याशिवाय आणखी कोण ऐकणार आहे, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

मंगळवारी साहेबाचे अकरा फोन आले. "कुठे पोचलात?" "का थांबलात?" "हळू का?" त्याचा आवाज व्हॅनभर घुमायचा. चौथ्या फोनपासून मामांच्या आधी पोस्टमनकाकाच उत्तर देऊ लागले. "सिग्नलला आहोत, बाळा. तांबडा आहे. तुझ्या पडद्यावर रंग दिसत नाहीत का?" सगळे हसले. शिवणबाई तर पदर तोंडाला लावून हसल्या. मामांनाही वाटलं, जाऊ दे, तेवढीच करमणूक.

गुरुवारी मात्र हसू आटलं. शिवणबाई त्या दिवशी पुढच्या सीटवर, मामांच्या शेजारी बसल्या होत्या. व्हॅन चौकाच्या गोल वळणावर होती आणि दोन्ही बाजूंनी गाड्या घुसत होत्या. रिंग झाली आणि स्पीकरने फोन उचलला.

"मामा, त्या तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीपायी चार जणांना रोज उशीर होतोय. पुढच्या आठवड्यापासून मी तिला व्हॅनच्या यादीतून काढतोय. रिपोर्ट बघितलेत मी, तशीही ती फार दिवस काही काढत नाही. तिच्या जागी नवा पेशंट बसवू."

मामांना मध्ये बोलायलाही सुचलं नाही. स्पीकरचं बटन बोटभर अंतरावर होतं. पण डावीकडून एक टेम्पो अंगावर येत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि तेहतीस वर्षांची सवय हाताला सोडेना. वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत बाईंच्या कानाशी बोलून झालं.

व्हॅन पुढच्या सिग्नलला थांबली तरी बाई स्पीकरकडेच बघत होत्या. मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली आणि शांतपणे म्हणाल्या, "मामा, पुढे बघा. सिग्नल सुटलाय."

संध्याकाळी मामा साहेबासमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, बाई शेजारीच बसल्या होत्या."

साहेब क्षणभर चपापला. मग त्याने खुर्ची फिरवली. "चूक तुमची आहे, मामा. कानात घालायचं घेतलं असतं तर तिला कळलंही नसतं. गाडीत पेशंट असताना कुणी स्पीकर घेतं का?" त्याने ड्रॉवर उघडून शेंगदाण्याएवढ्या बोंडाची डबी काढली. "हे घ्या, माझ्याकडे जास्तीचं आहे."

म्हणजे माणूस असं बोलला याचं काही नाही, ते ऐकू आलं हा गुन्हा. चोर सोडून संन्याशाला फाशी. मामांनी ती डबी तशीच टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. घरी ते अर्ध्या ताटावरून उठले. बायकोला ते एवढंच म्हणाले, "अगं, एक हात काढला असता तर बंद झाला असता गं." साहेबावरचा राग मोठा होता, पण या एका हाताचा राग त्याच्याहून आत जाऊन बसला होता.

शनिवारी मामांनी तिसऱ्या मजल्यावर घंटी वाजवली. बाईंनी दार उघडलं ते घरच्या साडीत. पिशवी भरलेली नव्हती. त्या पाय ओढत शिवणाच्या मशीनजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. पाय दोन दिवसांतच सुजले होते.

"आज मी येत नाही, मामा. यादीतून नाव जायचंच आहे. दुसऱ्याच्या जागेवर कशाला बसायचं?"

"बाई, शनिवार चुकला की थेट मंगळवार. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे की."

मामा जिना उतरून खाली आले. पोस्टमनकाकांनी पेपरातून डोकं काढलं. मामांनी सांगितलं तसा त्यांनी पेपराची घडी घातली. "आमचा उशीर होतो म्हणतो तो. आम्हाला कुणी विचारलं का? आम्ही बसलोय. तुम्ही वर जा." मागच्या तिघांनीही मान हलवली.

मामांनी झडपेवरचा चिमटा ओढला, स्पीकर काढला आणि पुन्हा तीन मजले चढून गेले. स्पीकर त्यांनी शिवणाच्या मशीनवर, दोऱ्याच्या रिळाशेजारी ठेवला. तीन मिनिटं कधीच उलटून गेली होती, त्यामुळे फोन यायचाच होता. दोघंही त्या साबणाच्या वडीकडे बघत बसले.

रिंग झाली.

"मामा, ठिपका अजून तिथंच कसा? नियम वाचलाय ना?"

"मी बाईंच्या घरात आहे, साहेब. तुमचा आवाज त्यांच्या मशीनवरून येतोय. गुरुवारी त्यांच्याबद्दल जे मला सांगितलंत ते आता त्यांना सांगा. मी मध्ये बोलत नाही."

मग साहेबाचा आवाज खाली आला. "मामा, जरा फोन कानाला लावा ना."

मामांनी हाताची घडी घातली. तेव्हा बाईच पुढे वाकल्या.

"ते नाही लावणार. माझ्याशी बोला. मी चाळीस वर्षं मुलींना कापड बेतायला शिकवलं, साहेब. माप न घेता कात्री चालवणारीला मी वर्गाबाहेर उभी करायची. तुम्ही मला एकदा तरी बघितलंय?"

"मॅडम, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

उत्तरासाठी बाई थांबल्या नाहीत. बाईंचा श्वास भरून आला होता, पण आवाज वर्गातला होता. "मी किती दिवस काढणार ते माझं मी बघेन. पुढच्या मंगळवारी व्हॅन माझ्या दारात येणार की नाही, तेवढं सांगा. मोठ्यानं सांगा. मामांना डाव्या कानानं ऐकू येत नाही."

"येईल."

"आणि यादी?"

"नाव राहील यादीत."

बाईंनी खुर्चीच्या हाताला धरून उठायला सुरुवात केली. मामांनी खुंटीवरची पिशवी काढली, तिच्यात शाल, चष्मा आणि औषधांची डबी भरली, आणि उजव्या बाजूने येऊन आपला हात पुढे केला. सुजलेला पाय चपलेत जाईना, तर त्यांनी खाली बसून पट्टा सैल करून दिला.

"मामा," स्पीकर पुन्हा बोलू लागला, "तुमच्याशी मला वेगळं बोलायचंय. आत्ता. फोन कानाला लावा."

"आत्ता जमणार नाही, साहेब," मामा दारातून म्हणाले. "बाईंना जिना उतरवायचाय."

मशीनवर स्पीकर हॅलो, मामा, हॅलो असं म्हणत राहिला. मामांच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातावर बाईंचा हात होता. तो उचलून घ्यायला तिसरा हात नव्हता. त्या दिवशी जिन्याला चौदा मिनिटं लागली आणि मामांनी दर वळणावर बाईंबरोबर उभं राहून रंगाला नावं ठेवली.