तीनदा धुतलेली टाकी

अमरावती सोडली तेव्हाच माझं डोकं फिरलेलं होतं, आणि त्याला कारण साबण.

माझा कॉलेजातला मित्र भाऊराव नांदगाव खंडेश्वरकडचा शेतकरी. त्याच्याकडे चार दिवस राहून, रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी चापून मी पुण्याला परत निघालो होतो. रजा संपली होती. भाऊरावाचा दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा जुना पिकअप मला अकोल्याला संध्याकाळच्या गाडीवर सोडणार होता. त्याची पेट्रोलची टाकी गळत होती म्हणून आदल्या दिवशी अमरावतीत एका मेस्तरीला दाखवली. त्या गृहस्थाने भेगेवर कपडे धुण्याचा साबण घासला, वर काळा रंग फासला आणि "पक्कं काम केलं" म्हणून सांगितलं. साबणाने घटकाभर गळती थांबते हे मलाही ठाऊक आहे. पण मग घटकाभरच थांबेल म्हणून सांगावं की माणसाने.

बडनेरा मागे पडलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन उन्हाने भेगाळलेली, बांधावर पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे) ढीग. मूर्तिजापूर अजून लांब होतं आणि गाडीत पेट्रोलचा घमघमाट सुटला. खाली वाकून पाहिलं तर साबण विरघळून गेलेला आणि टाकीच्या जोडातून धार लागलेली.

"बिडी पेटवू नको बे," भाऊराव मला म्हणाला. मी बिडी ओढत नाही, हे त्याला कॉलेजपासून माहीत आहे.

रस्त्यावरच्या एका गुराख्याने सांगितलं, पुढच्या गावात रस्त्याला लागून शामराव मिस्त्री बसतात, लढाईत फौजेच्या कारखान्यात होते. गाडी हळूहळू तिथवर नेली. लिंबाच्या झाडाखाली एक पत्र्याचं छप्पर, पुढे शेगडी. शामराव पन्नाशीचे, सडपातळ. डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत भाजून आकसलेली. त्यांनी आधी शेगडी विझवली, मग गाडीखाली शिरले. राहिलेलं पेट्रोल डब्यात काढून घेतलं, नळी सोडवली. टाकी आवळून धरणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्यांच्या बोल्टांवरच्या चाक्या गंजून बसल्या होत्या. त्यांना रॉकेल पाजून, ठोकून, शिव्या न देता त्यांनी त्या काढल्या. शिव्या मी देत होतो. टाकी खाली आली.

"कथलाचा डाग द्यायचा हाय," शामराव म्हणाले. "पन आधी सोड्याच्या पान्यानं तीनदा धुवा लागते, मंग पान्यानं भरा लागते. भेग तेवढी वर ठेवाची. पान्याबिगर आग लावली त टाकी बी जाईन न मी बी."

"मग भरा की," मी घड्याळ बघत म्हटलं.

शामराव काढलेल्या चाक्या पुसू लागले. भाऊराव पायाने माती उकरत राहिला. समोर पन्नास पावलांवर संत्र्याच्या मळ्यात बांधीव विहीर होती, पाण्याने भरलेली. वस्तीवरच्या विहिरीला तळाशी चिखल तेवढा उरला होता.

एवढ्यात मळ्याचे मालकच आले. सगळे त्यांना बापूसाहेब म्हणत. पाहुणे पुण्याचे म्हटल्यावर त्यांनी बाज टाकायला लावली, चहा मागवला. माणूस अगत्याचा. "पानी लागते तेवढं घ्या जी," ते म्हणाले, "टाकी आना विहिरीवर. पन काढा तुमी. मिस्त्रीले नका चढू देऊ."

चहाचे दोनच कप आले. एक भाऊरावाला, एक मला. मी प्यायलो. चहा चांगला होता, हेही सांगून टाकतो.

मग ती पेट्रोलने बरबटलेली, गंजकी टाकी आम्ही दोघांनी उचलून विहिरीच्या ओट्यावर ठेवली. तिला कोणी अडवलं नाही. शामराव पन्नास पावलांवर उन्हात उभे राहिले.

दोराने पाणी काढायची मला सवय नाही. तळहाताला फोड आले. भाऊराव मळ्यातल्या चुलीवर सोड्याचं पाणी तापवून आणी, मी टाकीत ओतून ती हलवायची, पालथी करायची. दोनदा झालं आणि मी घड्याळ पाहिलं. तिसऱ्यांदा काय मोठं निघणार होतं? टाकी तशीच उचलून शामरावांकडे नेली.

"कितीदा धुतली जी?"

"तीनदा."

त्यांनी टाकीच्या तोंडाला नाक लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. "वास येऊन राहिला. पुना धुवा."

"अहो, माझी गाडी चुकेल."

त्यांनी तो भाजलेला हात पुढे केला. "फौजेत आमचा सायेब बी घाईत होता. तीनदा धुतली म्हने. माह्या बाजूचा जवान जागच्या जागी गेला, मी हात घेऊन वाचलो. म्हून धुनं म्या माह्या डोयानं पाहत असतो. इथं मले पाहू देत नाही, त नाकानं पाहतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि माणसाला लाज वाटली की तो दुसऱ्यावर चिडतो, तसा मी तडक बापूसाहेबांकडे गेलो. म्हटलं, जीव ज्याचा जायचा त्यालाच तुम्ही पाणी बघू देत नाही? पेट्रोलची टाकी चालते आणि माणूस चालत नाही?

बापूसाहेब चिडले नाहीत, त्याचाच मला जास्त संताप आला. "टाकी लोखंड हाय," ते म्हणाले. "तुमच्या पुन्यात काय करतात?"

"आमच्याकडे असलं काही नसतं," मी ठणकावून सांगितलं.

"शाबास," ते म्हणाले आणि पान लावू लागले.

मी परत आलो तो धुसफुसतच. निदान आधी पाणी तरी प्या म्हणून मी शामरावांना बादलीतून तांब्याने ओतू लागलो, तर त्यांनी हात मागे घेतला. "बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवापासून वरून ओतलेलं पीत नाही मी. तहान लागली त घरी जातो. तुमी भांडन मंग करा. आता टाकी धुवा."

धुतली. तिसऱ्यांदा, आणि मनाची खात्री व्हावी म्हणून चौथ्यांदाही. शामरावांनी वास घेतला, मान हलवली. टाकी तिरपी उभी करून भेगेपर्यंत पाण्याने भरली. मगच शेगडी पेटली. तांब्याच्या टोकाची सळई तापवून त्यांनी जोडावर कथील असं ओढलं की बोटाला टोचू नये. आम्ही दोघे दहा हात लांब होतो. ते टाकीवर वाकलेले होते, आणि तिच्या पोटात माझ्या हातचं पाणी होतं. त्यांचा तेवढा वेळ माझ्यावर विश्वास होता की नाकावर, मला माहीत नाही.

अकोल्याला गाडी सुटता सुटता मिळाली. टाकीतून थेंब गळला नाही.

परवा सकाळी पुण्यात घरी आलो. बायकोने चहा केला आणि मी तिला सगळं सांगितलं, बापूसाहेबांना हवं तसं झाडलं. बोलता बोलता मागच्या दाराकडे लक्ष गेलं. तिथे खिडकीत, कान तुटलेला एक कप पालथा घातलेला होता. संडास साफ करणाऱ्या सखूबाईंचा. तिला चहा आम्ही त्यातच देतो, वरून ओतून. बारा वर्षं तो तिथे आहे, आणि मी त्या विहिरीवर छाती काढून काय सांगून आलो होतो.

मी उठलो, तो कप सोड्याने घासला आणि फळीवर आमच्या कपांच्या ओळीत ठेवला. सखूबाईंना आता यातला कुठलाही दे, असं बायकोला सांगितलं.

ती घाबरली. "अहो, मग तिने प्यायलेला कुठला, हे मला कळायचं कसं?"

"वास घेऊन बघ," मी म्हटलं. "येत असेल तर पुन्हा धुऊ."