बावीच्या तळाचं नाव

गोमूत्राचे शिंतोडे तोंडावर आले तेव्हा मी अजून पायरीवरच होते. डोक्यावर गाळाची पाटी. पाटलाचा गडी वरून शिंपडत खाली येत होता. आम्ही वर यायचीसुद्धा त्यानं वाट बघितली नाही. डोळ्यात गेलं. दोन्ही हात पाटीला. पुसता आलं नाही.

मला काही वाटलं नाही. खरं सांगते. दर उन्हाळ्याला हेच व्हायचं. महारवाड्यानं बावीत उतरायचं, गाळ काढायचा, वर यायचं. आमच्या पावलांवर गोमूत्र पडायचं. मग वर्षभर ते पाणी गाव प्यायचं. आम्ही ओढ्यातल्या झऱ्याचं.

चिंचवड स्टेशनापासून कोसभरावरचं हे गाव. आता तिथं सोसायट्या आहेत. लोक म्हणतात, कंपन्या यायच्या आधी इथं काहीच नव्हतं, नुसता माळ.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी सतरा वर्षांची. पिंपरीच्या बाजूला कारखान्यांची बांधकामं निघाली होती. पाटलानं बावीचं पाणी एका ठेकेदाराला दिलं. इंजिन बसलं. महिनाभरात पाणी इतकं उतरलं की कुणी कधी न बघितलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या. पाटलानं ठेकेदारालाही ऐकवलं होतं, बाव आमच्या खापरपणज्यानं बांधली. सगळ्या गावाला तो हेच सांगायचा. आम्हालाही ते खरंच वाटायचं.

गाळ काढायच्या दुसऱ्या दिवशी मी तळाला होते. शेवटच्या पायरीजवळ भिंतीत एक चौकोनी दगड दिसला. गाळानं लिंपलेला. खराट्यानं घासला तर अक्षरं निघाली. मी चौथीपर्यंत शिकलेली, वर्गाबाहेर ओट्यावर बसून. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं.

'भिकनाक वल्द येसनाक म्हार याणे बाव बांधिली.'

परत वाचलं. भिकनाक. आखितीच्या सणाला माझा बा पितरांना घास ठेवायचा, तेव्हा एकेकाचं नाव घ्यायचा. त्यात हे नाव यायचं. भिकनाक, येसनाकाचा. लहानपणापासून ऐकलेलं.

आनंद झाला नाही. कानात पाणी गेल्यासारखं झालं. इंजिनाचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. मी पाटी भरत राहिले. भरली तेव्हा बाला सांगितलं. तो शेजारीच फावडं मारत होता. त्यानं आधी वर बघितलं, कुणी ऐकलं का ते.

"गप ऱ्हा," म्हणाला. "दगडावर लिव्हलंय म्हून गाव पानी भरू देनार हाय व्हय?"

पण पायऱ्यांवरच्या बायकांनी ऐकलं होतं. दुपारपर्यंत पाटलाच्या कानावर गेलं. तो आला तो शाळेतल्या गुरुजींना घेऊनच. आम्ही बाजूला सरलो. गुरुजी वाकले. मी त्यांचे ओठ बघत होते. ओठ हलले. 'म्हार' वर थांबले.

"अक्षरं झिजलीत, पाटील," गुरुजी म्हणाले. "काही लागत नाही."

याच माणसानं मला अक्षरं शिकवली होती. लांबून, फळ्यावर छडी ठेवून.

मी म्हटलं, "लागतंय, गुरुजी."

आणि मोठ्यानं वाचलं. बाव खोल. आवाज घुमला. वर इंजिनवाल्यानं ऐकलं, गड्यानं ऐकलं, काठावरच्या सगळ्यांनी ऐकलं. गुरुजी धोतराचा सोगा सावरत वर चढून गेले.

पाटील माझ्याशी बोललाच नाही. माझ्या बाकडं वळून म्हणाला, "छिन्नी आन. दिस बुडायच्या आत दगुड साफ कर. न्हाईतर उद्यापास्नं गावात पाय ठिवायचा न्हाई."

बा गेला. छिन्नी-हातोडा घेऊन आला. दगडासमोर उकिडवा बसला. छिन्नी पहिल्या अक्षरावर ठेवली. ठेवली आणि तसाच बसला. मी त्याच्या हातातून ती घेतली. ओढावी लागली नाही. त्यानं सोडली.

"आमी न्हाई फोडनार," मी म्हटलं.

पाटलानं हात उचलला. मग खाली घेतला. मारायचं तर मला शिवावं लागलं असतं.

दगड शेवटी त्याच्या गड्यानं फोडला. घाव आमच्या वाड्यापर्यंत ऐकू येत होते. मी भाकरी थापत होते. एकही भाकरी तुटली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. बा उंबऱ्यावर बसला होता. घाव थांबल्यावर म्हणाला, "म्हंजी आपलीच व्हती."

एवढंच. जेवला नाही.

सकाळी मी हंडा घेतला. बानं विचारलं नाही, कुठं चाललीस म्हणून. बावीवर गावातल्या बायका होत्या. त्या मागं सरल्या. मी तीन पायऱ्या उतरले. गडी धावत आला.

"कुठं चाललीस गं?"

"पानी भराया."

त्यानं माझ्या खांद्यावरच्या हंड्यावर काठी घातली. मातीचा हंडा, खापऱ्या झाल्या. खांदा भिजला नाही, कारण आत अजून पाणी नव्हतंच. दुखलं की नाही, आठवत नाही. मला पुढच्या पायऱ्या दिसत होत्या, तेवढं आठवतं.

घरी आले. दुसरा हंडा घेतला. घरात तिसरा नव्हता. शेजारणीकडं होता, तिच्या शेजारणीकडं होता. किती फोडायचे ते त्यांनी ठरवावं. मी रोज जाणार होते.