चपट्या दगडाखालचा थर
माझं अक्षर वाकडं आणि शुद्धलेखन चौथीपुरतंच, ते माफ करावं. आज विळी घासताना गंजाचा वास आला आणि पाळी गावच्या बंद खाणीतलं तांबडं पाणी आठवलं. मंगळावरची मातीही अशीच लोखंडाची, तिथे जीव असलाच तर कसा असेल ते कळावं म्हणून एक शिकलेली मुलगी आमच्या खाणीच्या पाण्यातले बारीक जीव शोधायला आली होती. माझी जाऊ दहावी झालेली, तीच पुढे झाली. बायका कपडे धुतात त्या काठावर तिने मुलीला नेलं, आणि जागा दाखवणारी म्हणून मुलगी प्रत्येक बाटलीवर जावेचं नाव लिहू लागली. माझा नुसता जळफळाट झाला. ते जीव ज्यात असतात असं मुलगी म्हणाली, तो बुळबुळीत केशरी थर साबणाच्या पाण्यात टिकत नाही, पलीकडच्या चपट्या दगडाखाली मात्र मे महिन्यातही ताजा असतो, हे म्हशी नेणाऱ्या मलाच ठाऊक होतं. तेवढ्यात मुलीने मला विचारलं, "मावशी, असा थर आणखी कुठे दिसतो का?" जाऊ हसली, "तिका कित्याक विचारतंस गो? ती चवथी शिकलेली." मग मला म्हणाली, "तू जा, चाय ठेव." मी मुलीला मान हलवून "ना" म्हटलं आणि चहा ठेवायला गेले. त्या बाटल्यांत काहीच मिळालं नाही, असं पुढे कळलं. जावेचं तोंड उतरलं आणि मला दोन दिवस बरं वाटलं. अजूनही म्हशी घेऊन गेले की मी तो दगड उचलून बघते. थर तसाच ताजा असतो. ती मुलगी मात्र परत आली नाही.