दुसऱ्याच्या भिंतीवरची माझी पाठ

जुनी मोटारसायकल घेताना माणूस टायर बघतो, चेन बघतो, किक मारून आवाज ऐकतो. आपल्याआधी तिच्यावर कोण बसत होतं, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. मेहकरजवळ माझी भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्यांच्या बांधावर नेऊन द्यायची, हा धंदा. मला मागे क्रेट बांधता येईल अशी दणकट गाडी हवी होती. मेहकरातल्या एका दलालाकडे ती मिळाली, वर एक हेल्मेटही मिळालं. लाल रंगाचं, मागच्या बाजूला रेडियमची चांदणी चिकटवलेलं. आमच्याकडे हेल्मेट घालणाऱ्याला लोक हसतात, पण फुकट मिळालेली वस्तू मी सहसा सोडत नाही.

गाडी नावावर करून घ्यायची तेवढी राहिली. आमच्या भागात हे असंच चालतं. मूळ मालकानं सही केलेला टीटी फॉर्म, म्हणजे मालकी बदलायचा कागद, गाडीसोबत हातोहात फिरतो, आणि गाडी चौथ्या माणसाच्या दारात उभी असली तरी कागदावर पहिल्याचीच असते. "करू ना सावकाश," असं जो तो म्हणतो. मीही तेच म्हणालो आणि दोन हंगाम गाडी हाणली.

क्रेटला अडकतात म्हणून मी दोन्ही आरसे काढून टाकले होते. त्यापायी चौकातल्या वाहतूक पोलिसानं मागून मोबाइलवर फोटो काढल्याचं एक-दोनदा जाणवलं होतं. दंडाचा मेसेज मला कधी आला नाही. तो मूळ मालकाच्या नंबरवर जात असणार, आणि ते त्याचं नशीब, असं मी स्वतःला बिनदिक्कत समजावलं होतं.

मग एका दुपारी त्याच पोलिसानं समोरून अडवलं. हातातल्या मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकला आणि म्हणाला, "सहा चलान हायेत."

मी तोंड उघडणार इतक्यात तो पुढे बोलला, "सारे भरेल हायेत. ज्या दिवशी फाटलं त्याच नाही तं दुसऱ्या दिवशी. असा माणूस पाह्यला नाही बा म्या. जा."

मी एकही भरलं नव्हतं. गाडी ढकलत मी रस्त्याच्या कडेला नेली आणि उगाचच तिच्याकडे बघत उभा राहिलो.

घरी बायकोला सांगितलं तर ती आधी हसली. "तुमचा चहा कोणी पाजत नाही, तं दंड कोण भरीन?" मग म्हणाली, "पण काऊन भरून राह्यला असंन तो?" दुसऱ्या दिवसापासून ती त्या गाडीवर मागे बसेना. बाजारातून दोन्ही पिशव्या घेऊन पायी येई, पण बसत नसे.

मी भुताखेतांना मानत नाही. मेल्यावर परत यायची सोय असती, तर आमच्या भावकीतल्या एकानंही बांधाचं भांडण अर्धवट सोडलं नसतं. पण त्याच आठवड्यात चौकातून वळताना मागून एका बाईचा आवाज आला. "थांबा! थांबा ना!" आरसे नव्हते. बाई आपल्यालाच हाक मारतेय हे कळत होतं, कारण आवाज गाडीसोबत वळला. मागे चपलांचे आवाज धावत आले. मान वळवून बघायला काय लागत होतं? पण मला ते जमलं नाही. मी ॲक्सिलरेटर पिळला आणि नर्सरीपर्यंत थांबलो नाही. भर दुपारी, भर बाजारपेठेत मी घाबरलो, हे आज सांगायला लाज वाटत नाही. तेव्हा मात्र कुणालाच सांगितलं नाही.

मग मात्र ही गाडी कुणाची, हे शोधायचंच ठरवलं. दलालाकडे गेलो. तो म्हणाला, "माह्यापाशी वडनेर भोलजीहून आली. पह्यला मालक दुसरबीडचा. अन् भाऊ, नावावर करायची असंन तं आता सहीनं भागत नाही. मूळ मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जाते. त्यानं तो सांगतला तरच काम होते."

आधी वडनेर भोलजीला गेलो, एसटीनं. गाडी विकणारा माणूस कांद्याचा व्यापारी होता. गाडीचा विषय काढताच त्यानं माझ्या मागे रस्त्यावर बघितलं. गाडी आणली नाही हे पाहून मग बसायला सांगितलं.

"तुमचेही चलान कोणी भरते ना?" त्यानंच विचारलं.

मी हो म्हणालो.

"मले वाटलं, भरते तं भरू दे. आपल्या बापाचं काय जाते? मंग एक दिवस नांदुऱ्याच्या चौकात एक बाई दिसली. असंन पंचवीस-सव्वीसची. जिथं माह्या गाडीचा फोटो निघाला होता, तिथंच उभी. येणाऱ्या हरेक गाडीचा नंबर पाहे. दुसऱ्या दिवशी गेलो, तं तिथंच. पानवाल्यानं सांगतलं, दुसरबीडहून एसटीनं येते, हरवलेल्या नवऱ्याले पाहून राह्यली. म्या त्याच हप्त्यात गाडी विकून टाकली."

"तिला सांगायचं ना, गाडी तुमच्याकडे आहे म्हणून."

"कसं सांगता भाऊ? गाडी माह्यापाशी अन् माणूस गायब. तिनं नाही, पण पोलिसानं विचारलं असतं तं काय सांगतलं असतं म्या?" एवढं बोलून तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मेहकरात माझ्यामागे धावलेले पाय कुणाचे होते, ते मला तिथे त्याच्या ओट्यावर बसल्या बसल्या कळलं.

दोन दिवसांनी सुलतानपूर, बिबी करत मी दुसरबीडला निघालो. या वेळी गाडीवरच. आरसीवरच्या नावानं घर विचारायचं होतं, पण विचारावं लागलं नाही. गावात शिरताच हॉटेलातला माणूस चहा ओतता ओतता थांबला. बाकड्यावरचे दोघं उठून उभे राहिले. पुढे पारावर एक म्हातारा बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंडातून शब्द काढायच्या आत हात उचलून डावीकडची गल्ली दाखवली. इथून माघारी फिरावं असं वाटलं, पण गाडी गल्लीत वळली होती.

ओट्यावर एक म्हातारी तूर निवडत बसली होती. गाडीचा आवाज ऐकून आतून एक तरुण बाई धावत आली आणि उंबऱ्यावर थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते माझ्यासाठी नव्हतं.

"हेल्मेट काढा बाबा," म्हातारी शांतपणे म्हणाली.

मी काढलं. तरुण बाई उंबऱ्यातच खाली बसली.

मला आत नेलं, पाणी दिलं. समोरच्या भिंतीवर सहा फोटो ओळीनं चिकटवले होते. सेवा केंद्रातून छापून आणलेले, कागदावरचे. प्रत्येकात हीच गाडी, हेच लाल हेल्मेट, तीच चांदणी आणि एका माणसाची पाठ. दोन वडनेरच्या व्यापाऱ्याच्या होत्या. बाकी चार माझ्या. एकात तर वांग्याच्या रोपांचा क्रेटही दिसत होता. परक्या घरात, ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही त्याच्या जागी, मी चार वेळा लटकलो होतो. पाण्याचा तांब्या माझ्या हातात तसाच राहिला.

हकिगत म्हातारीनं सांगितली. लेक तीन वर्षांपूर्वी सकाळी गाडी घेऊन गेला. मोबाइल फळीवर ठेवून गेला. संध्याकाळी गाडी खडकपूर्णा धरणाजवळ सापडली. आरशाला हेल्मेट लटकवलेलं, खाली चपला नीट जोडून ठेवलेल्या. गाडीच्या साइड बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत सही केलेला टीटी फॉर्म. पाण्यात चार दिवस शोधलं, पण देह मिळाला नाही. पुन्हा डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून थोरल्या लेकानं गाडी लांब, नांदुऱ्याकडे विकून टाकली.

देह सापडत नाही त्याचा आमच्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, आणि मगच दहावं-तेरावं होतं. इथेही वर्ष उलटल्यावर तिथी ठरली. भटजी आले, पानं आली, सोयरे जमले. सुनेचे आईवडील तिला परत न्यायच्या तयारीनं आले होते. एक बरं स्थळही त्यांच्या नजरेत होतं. पुतळा बांधायला घेतला आणि फळीवरचा मोबाइल वाजला. सुनेनं तो रोज चार्ज करून ठेवला होता. पहिलं चलान आलं होतं, फोटोसकट.

"ती चांदणी मीच लावली व्हती," सून पहिल्यांदाच बोलली. "अंधारात दिसावं म्हणून. गाडी इकली हे माहीत व्हतं, पण त्यांचं हेल्मेट दुसरं कोन घालीन? मी म्हणले, ज्याची गाडी फिरती, ज्याचं हेल्मेट फिरतं, त्याला कसं जाळता?"

पुतळा राहिला. सोयरे जेवून गेले. कुंकू कपाळावर राहिलं आणि ही राहिली. मेसेज आला की दंड भरायचा, फोटो छापायचा आणि जिथला फोटो असेल तिथे जाऊन उभं राहायचं. बाप दोनदा न्यायला आला, दोनदा रिकामा गेला. स्थळवाला अजून थांबला होता, पण किती थांबणार?

"बाई," मी म्हणालो, "गाडी मी दलालाकडून घेतली. हेल्मेट तिच्यासोबत आलं. या चार पाठी माझ्या आहेत."

"मेहकरात मी मागं पळाले, तवा तुम्हीच व्हते?"

"हो."

"थांबले असते तं सारं तवाच कळलं असतं," ती म्हणाली. रागानं नाही, नुसतंच. मी मान खाली घातली.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, गाडी तुमच्या नावावर झाली की हे मेसेज बंद होतात का. मी होय म्हणालो, ओटीपीचं सांगितलं. "लावा मग फोन," ती म्हणाली. मी दलालाला फोन लावला. मालकच नसताना हे कायद्यात कितपत बसतं हे मी त्याला विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. पाच मिनिटं थांबा, म्हणाला. म्हातारीनं फळीवरचा मोबाइल काढून मांडीवर घेतला.

ती पाच मिनिटं काढायची म्हणून मी म्हातारीला म्हणालो, "मावशी, तुम्हालाही तोच वाटला असेल ना फोटोत?"

तिनं भिंतीवरच्या पहिल्या फोटोकडे बोट केलं.

"नाही बाबा. मला पयल्या फोटोतच कळलं. जन्मल्यापून न्हाऊ घातलेली पाठ मला कळणार नाही? कोन्ही परका हाय, हे मला त्याच दिशी समजलं."

सुनेनं मान वर केली. "मग बोलल्या काहून नाहीत?"

"पुतळा जळाला असता तं त्याच दिशी तुझा बाप तुला घेऊन गेला असता," म्हातारी म्हणाली. "थोरला त्याच्या संसारात. मग या घरात त्याचं नाव कोन्हासंग काढलं असतं मी? दंड भर म्हणून तुझ्यामागं लागत व्हते, ते गाडी जप्त होऊ नये म्हणून. गाडी फिरली तं फोटो येईन. फोटो आला तं तू राहशील."

मोबाइल म्हातारीच्या मांडीवर वाजला. तिनं तो सुनेपुढे धरला. सुनेनं हात पुढे केला नाही.

"आत्याबाई, आकडे तुम्हाला येतात. तुम्हीच वाचा."

म्हातारीनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. एकेका आकड्याखाली बोट ठेवत, शाळेतल्या मुलीसारखी ती वाचू लागली. मी तिच्यामागून तेच आकडे दलालाला सांगत होतो. चार आकडे झाल्यावर तिनं पदरानं मोबाइलची काच पुसली. आम्ही थांबलो. तिनं उरलेले दोन आकडे वाचले. "झालं," पलीकडून दलाल म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

सून उठली. भटजींना आजच निरोप द्या, म्हणाली. पळसाची पानं नवीन आणायला सांगा, जुनी चालणार नाहीत.

"मंग तू जाशील?" म्हातारीनं विचारलं.

"हो, जाईन," ती म्हणाली. मग तिथेच सासूच्या मागे बसली, तिच्या पाठीला कपाळ टेकवलं आणि मोठ्यानं रडू लागली. नवरा मेलेल्या बाईचं ते रडणं तिला तीन वर्षांनी आलं होतं.