दारामागचा हात

तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही, आणि तेच बरं आहे. ओळखीच्या माणसासमोर हे कधी तोंडातून निघालं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही. बहिणीला नाही. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून सुरुवात केली होती — पण त्यांनी डोळे उघडून बघितलं, आणि मी "पाणी देऊ का?" असं विचारून उठले.

मी जबलपूरची. अधारतालला राहते. उभा जन्म कॉलेजात कलेचा इतिहास शिकवला. आता निवृत्त आहे. माझं नाव ज्या थोड्या लोकांना माहीत आहे, त्यांना ते एका चिताऱ्यामुळे माहीत आहे. त्या चिताऱ्याला नाव नव्हतं. ते मी दिलं.

जुन्या भिंतीवरच्या चित्राखाली सही नसते. मग आमच्यासारखी माणसं काय करतात? हात ओळखतात. चेहरा, दागिने, मुकुट — हे चितारी जीव लावून काढतो, दुसऱ्याचं बघूनही काढतो, त्यावरून काही कळत नाही. पण कानाची पाळी, पायाची नखं, पदराचं टोक — तिथे त्याचं लक्ष नसतं. तिथे हात आपल्या सवयीने जातो. तसाच कान दुसऱ्या भिंतीवर दिसला की समजायचं, माणूस तोच. मग त्याला काहीतरी म्हणावं लागतं. खरं नाव तर गेलेलं असतं. म्हणून त्याच्या त्या सवयीचंच नाव त्याला द्यायचं.

पाटन आणि शहपुऱ्याच्या मधल्या गावांत तीन लहान देवळं होती. आत भिंतीभर बाया — पाणी भरणाऱ्या, कांडणाऱ्या, तोरण बांधणाऱ्या. राधा-कृष्ण एका कोपऱ्यात, जणू त्यांना नंतर जागा करून दिली. आणि प्रत्येक बाईची एक टाच जमिनीवरून उचललेली. बसलेल्या बाईचीसुद्धा! मी तेव्हा तिशीतही नव्हते. तिसऱ्या देवळात ती टाच दिसली तेव्हा मी मोठ्याने हसले होते, एकटीच. कुणीतरी मला लांबून ओळख दाखवावी तसं वाटलं होतं. तो आनंद मला पुन्हा कधी मिळाला नाही. नवीन कामात नाही, बक्षिसात नाही, कशात नाही. मी त्याला 'उचलल्या टाचेचा चितारी' म्हणू लागले.

मग तो कोण असावा, कुठला असावा — हे मी ठरवलं. ठरवलं, हाच शब्द बरोबर आहे. चित्रांतल्या बायांनी लुगडं काष्टा घालून नेसलेलं होतं. मी म्हटलं, हा मराठी माणूस. भोसल्यांच्या काळात नागपुराहून इकडे आलेला, शिकलेला, दरबारी हाताचा पुरुष. त्या भागातल्या गावच्या बायासुद्धा काष्टाच घालत, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. तळटीपेत एका ओळीत लिहिलं आणि पुढे गेले.

बाबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. आमचं घराणं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, तरी बाबांना जन्मभर लोक विचारत आले, "आप लोग तो महाराष्ट्र के हैं ना?" ते हसून मान हलवायचे, आणि घरी आल्यावर गप्प गप्प असायचे.

"म्हणजे आपला माणूस होता तो!" बाबा म्हणाले. "लोक विचारतात ना, इकडं काहून आले तुम्ही लोक? आता सांगीन. चित्रं काढायले आलो म्हणून."

पण बाबांना पुढे करून मी त्यांच्यामागे लपणार नाही. नाव मलाही हवं होतं. कागदावर, छापलेलं, माझं.

तिसरं देऊळ जिथे होतं, त्या गावात शहपुऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक मुख्याध्यापिका राहत. सगळा गाव त्यांना बहनजी म्हणे, मीही म्हणू लागले. देवळाची किल्ली त्यांच्या घरी असे. स्वतः कधी लग्न केलं नव्हतं, पांढरं सुती नेसायच्या, आणि माझं काम चालू असलं की दाराशी वेताचा मोढा टाकून वाचत बसायच्या. दुपारी मला घरी जेवायला नेत. मी फार भाग्याने मिळालेली पाहुणी असावी अशी मला वाढत. माझी आई मी लहान असतानाच गेली. एवढंच सांगते. त्या घरातल्या दुपारी मला काय वाटायचं, ते मला नीट सांगता येणार नाही.

एका दुपारी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "बेटा, तुम जिसको ढूँढ रही हो, वो हमारी परआजी थीं. सुखरानी."

परआजी, म्हणजे पणजी. मी घास हातात धरून बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. सुखरानी त्या घरची सून. देवळाची पूजा त्याच घराकडे. दुपारी देव झोपले की दार बंद व्हायचं, आणि बंद दाराआड ती रंगवायची. बाईमाणूस देवळाची भिंत रंगवते हे गावाला दिसायला नको, म्हणून. आजूबाजूच्या दोन गावांतल्या देवळांतही ती नवऱ्याबरोबर पूजेच्या निमित्ताने जायची. बहनजींची आजी तेव्हा नवी सून होती, ती सासूला गेरू घोटून द्यायची. "और वो बहुत नाटी थीं," बहनजी हसून म्हणाल्या, "दिन भर पंजों के बल खड़ी रहती थीं. इसलिए उनकी सब औरतें वैसी ही हैं." बुटकी, म्हणून दिवसभर चवड्यांवर उभी.

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी हसले. म्हटलं, छान आहे गोष्ट, पण पुरावा लागतो. त्यांना राग आला नाही. त्या शिक्षिका होत्या, पुरावा मागणं त्यांना आवडलंच असावं. थोडा विचार करून म्हणाल्या, लहानपणी चारा कापताना गंडाशाने तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं तुटलं होतं. आणि काम संपलं की ती कुठेतरी हात उमटवायची, असं आजी सांगे. कुठे, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी स्वतः कधी शोधलं नव्हतं. त्यांना गरज काय होती?

दुसऱ्या दिवशी मी देवळात गेले. बहनजी त्या दिवशी बँकेच्या कामाने शहपुऱ्याला गेल्या होत्या, किल्ली मला देऊन. कुलूप असे ते बाहेरच्या लोखंडी जाळीला; आतलं लाकडी दार कायम उघडंच टेकलेलं असे, डावं फळकूट भिंतीला चिकटलेलं. मी ते ओढलं. बिजागऱ्या गंजल्या होत्या, जोर लावावा लागला. मागे कोळ्याची जाळी, धूळ. ओढणीने पुसलं.

गुडघ्याच्या उंचीवर एक हात होता. गेरूचा. लहान — माझ्यापेक्षाही लहान. अंगठ्याशेजारचं बोट अर्धं.

मी त्यावर माझा हात ठेवला. नियम असा की भिंतीला हात लावायचा नाही, मुलांना मी आयुष्यभर तेच शिकवलं. पण ठेवला. तळहाताखाली भिंत गार होती. किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. मी ज्याला शोधत होते तो माणूस, जिवंत असल्यासारखा, तिथे माझ्या हाताखाली होता — होती. तो नव्हता, ती होती.

कॅमेरा गळ्यात होता. रोलमध्ये जागा होती. उजेडही चांगला होता.

मी फोटो काढला नाही.

हेच ते. एवढंच आहे, आणि हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. लेख छापायला गेला होता. त्यात नागपूरचा दरबारी पुरुष होता. मी फळकूट पुन्हा भिंतीला टेकवलं, जाळीला कुलूप लावलं, आणि किल्ली शेजारच्या घरी देऊन दुपारची बस पकडली. बहनजी परत यायच्या आत.

लेख गाजला. जबलपूरला व्याख्यान ठेवलं, पहिल्या रांगेत बाबा, नवा कोट घालून. आणि मागच्या बाजूला बहनजी. शहपुऱ्याहून बसने आल्या होत्या. मी बोलताना त्यांच्याकडे बघायचं टाळलं. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा त्या उभ्या राहिल्या, वर्गात उभ्या राहत असतील तशा ताठ.

"दीदी," त्या म्हणाल्या — बेटा नाही, सगळ्यांसमोर माझा मान ठेवून दीदी — "सुखरानी का नाम आपने नहीं लिया. कोई कारण होगा. हम जानना चाहते हैं."

आणि मी म्हटलं, "बहनजी, गाँव-गाँव में ऐसी कहानियाँ मिलती हैं. कहानी अलग चीज़ है, इतिहास अलग."

दोन-चार लोक हसले. मीही हसले. हसले मी. त्यांनी मान डोलावली, समजलं म्हणून, आणि पदर सारखा करून बसल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता हो. मी म्हणते म्हणजे तसंच असेल, असं त्यांना वाटलं असणार. बाहेर पडताना बाबांच्या हातात त्यांनी एक पिशवी दिली, शेतातला ताजा मटार. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे त्याची उसळ झाली. बाबा म्हणाले, काय गोड आहे! मी दोनदा वाढून घेतली.

त्या गावाला मी परत गेले नाही. बहनजी गेल्याचं मला बऱ्याच उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. पुढे देवळाला लोकांनी चांगल्या भावनेने टाइल्स बसवल्या. जमिनीपासून वरपर्यंत, पांढऱ्या, चकचकीत. बाकीची दोन देवळंही राहिली नाहीत. आता त्या बाया फक्त माझ्या फोटोंत आहेत. आणि तो हात कुठेच नाही. कधीकधी भाजी निवडताना मध्येच माझा तळहात गार पडतो. मी तो उलटा करून बघते. त्या भिंतीशी एकदा जाता आलं असतं! बहनजींच्या ओसरीवर, त्या वाढत असताना, एकदा बसता आलं असतं. काही बोलायला नव्हे. नुसतं बसायला.

आणि हे म्हातारपणी तरी सुधारलं म्हणाल, तर तेही नाही. मागच्या हिवाळ्यात एक फोन आला. बहनजींच्या भावाची नात, भोपाळला शिकते. घरच्या बायांबद्दल काहीतरी लिहून राहिली होती. बोलायला गोड. म्हणाली, बुआदादी — म्हणजे बहनजी — शेवटपर्यंत सांगायच्या की देवळात कुठेतरी त्यांच्या परआजीचा हात आहे. आता तर टाइल्स लागल्या. तिथे सगळ्यात जास्त काम तुम्ही केलंत. "आपने कभी देखा था क्या?"

बाबा केव्हाच गेले होते. कॉलेज सुटलं होतं. तो लेख आता कोण वाचतं? मला कुणाची भीती नव्हती. कुणाचीच नाही.

"नहीं बेटा," मी म्हटलं. "मैंने नहीं देखा."



"अच्छा," ती म्हणाली. "फिर बुआदादी को ही कुछ भ्रम रहा होगा."

मग तिने माझ्या तब्येतीची चौकशी केली, वेळ दिल्याबद्दल माझे आभार मानले, आणि मी ते घेतले.